निरक्षर मास्तर

बावीस वर्षे दुसऱ्यांच्या पोरांना लिहायला-वाचायला लावून पोट भरणारा मी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका रात्रीत ठार निरक्षर झालो. ही गोष्ट २०१८ सालच्या फेब्रुवारीअखेरची.

आमच्या गंगापुरातून माणसे पुण्याला जातात, मुंबईला जातात, वाळूजच्या कारखान्यांत तर रोज जाऊन येऊन असतात. पण मास्तर म्हणून चीनला कुणी गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नव्हते. तिथल्या एका महाविद्यालयात इंग्रजीतून गणित शिकवण्याचे काम मला मिळाले आहे, ही बातमी एस. टी. स्टँडाजवळच्या चहाच्या टपरीवर पोचली, आणि गावाने मला एकमताने परलोकवासी ठरवले. "मास्तर, साप खायला घालतील बरं का," असे टपरीवाल्याने बजावले. एका पेन्शनर कारकुनांनी चष्मा वर करून "१९६२ विसरू नका," एवढेच सांगितले. जणू काही तिबेटच्या सीमेवरचा तोडगा माझ्याच हातून निघायचा राहिला होता!

आईने मात्र नेहमीप्रमाणे कामाची गोष्ट केली. येसराची पुडी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देता देता तिने विचारले, "तिकडं पाट्या कोणत्या भाषेत असतात रे?"

"चिनी."

"मग तुला वाचू येतील का?"

मी हसलो. "माय, अगं मी मास्तर आहे," असे म्हणालो. हे उत्तर पुढे मला किती महाग पडणार आहे याची त्या वेळी कल्पना नव्हती.

ज्या शहराला मी निघालो होतो त्याचे नाव जुन्या मराठी पुस्तकांत चुंगकिंग असे छापलेले असे. आता चुंगचिंग म्हणतात. तिथला माणूस ते नाकातून आणि घाईने असे काही उच्चारतो की, आपण दोन्हींपैकी काहीही म्हटले तरी त्याला ते कळत नाही. रात्री अकराच्या सुमारास विमानतळाबाहेर आलो. इंग्रजी अक्षरांत माझे नाव लिहिलेला पुठ्ठा घेऊन एक विद्यार्थी उभा होता. ती माझ्या नावाची पाटी म्हणजे त्या शहरात मी झटकन वाचलेली पहिली, आणि पुढे कित्येक दिवस शेवटची पाटी.

मोटार निघाली. पाऊस नव्हता, पण हवा ओल्या टॉवेलासारखी होती. धुक्यात दिवे लोंबकळत होते. काही आमच्या खाली, काही डोक्यावर, आणि ते पुलाचे, घरांचे की चांदण्यांचे हे कळायला मार्ग नव्हता. रस्ता एका डोंगराच्या पोटात शिरे, बाहेर पडे तो थेट पुलावर. पूल संपतो तो पुन्हा बोगदा. शेवटी शापिंगबा नावाच्या भागात एका उंच इमारतीच्या दारात मोटार थांबली. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. पोराने ‘९’ हा आकडा दाबला, आणि वर जाण्याऐवजी आम्ही खाली जाऊ लागलो! माझा चेहरा पाहून तो बापडा हसत म्हणाला, "लाओशी, रस्ता चौदाव्या मजल्यावर आहे."

लाओशी म्हणजे मास्तर. शब्दशः पाहिले तर ‘म्हातारा गुरू’; पण कालच नोकरीला लागलेल्या पोरसवदा बाईंनाही तिथे लाओशीच म्हणतात. आपल्याकडच्या ‘गुरुजी’सारखेच ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली, तेव्हा या मजल्यांच्या कोड्याचा उलगडा झाला. हे शहर जमिनीवर बांधलेलेच नाही. ते उतारावर टांगलेले आहे. एका बाजूचा तळमजला दुसऱ्या बाजूचा गच्चीचा मजला असतो. नदीकाठी हुंगया-दुंग नावाची अकरा मजली बाजारपेठ आहे. तिच्या पहिल्या मजल्यावरून बाहेर पडा, तुम्ही रस्त्यावर असता. अकराव्या मजल्यावरून बाहेर पडा, तरी रस्त्यावरच असता! लीझीबा नावाच्या स्टेशनावर तर एका रुळावरची आगगाडी चक्क १९ मजली इमारतीच्या पोटातून आरपार जाते, आणि तिच्या वर लोक आपापल्या घरांत निवांत भात खात बसलेले असतात. एके ठिकाणी ११२ मीटर लांबीचा सरकता जिना आहे. बसच्या तिकिटासारखे तिथे दोन युआन, म्हणजे त्या वेळचे वीसएक रुपये, देऊन डोंगर चढून जायचे. सपाट माळावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला पहिल्या आठवड्यात पोटऱ्यांना गोळे आले, आणि मग या जिन्याचे पैसे कधीच जड वाटले नाहीत.

जगातले सर्वांत मोठे शहर, असे चुंगचिंगविषयी मी कुठेकुठे वाचले होते. ते खरेही आहे आणि खोटेही आहे. १९९७ साली सेच्वान प्रांतापासून तोडून हा मुलूख थेट मध्यवर्ती सरकारच्या हाताखाली घेण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ ८२,००० चौरस किलोमीटरांहून अधिक. आपल्या मराठवाड्याचे आठही जिल्हे एकत्र केले तरी ते ६५,००० च्या आसपास भरतात! २०२० च्या शिरगणतीत लोकसंख्या ३ कोटी २० लाख निघाली. पण यातला बराचसा भाग डोंगर, भातखाचरे आणि खेडी. म्हणजे वैजापूरच्या गुराख्याला आणि हिंगोलीच्या हळदवाल्याला एकाच शहराचे रहिवासी म्हणावे, त्यातला प्रकार. तरी नदीच्या दुबेळक्यातले जे खरे शहर आहे, तेवढेही माझी मान दुखायला पुरेसे होते.

आता निरक्षरतेकडे वळतो.

भुयारी आगगाडीत स्टेशनांची नावे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असतात, तेवढी सोय आहे. पण माणूस सारा दिवस आगगाडीत काढीत नाही. पहिल्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ म्हणून एक पांढरी पुडी आणली. तिने आमटी मिठाऐवजी वेगळीच काहीतरी चविष्ट झाली. ती चव आणणारी भुकटी होती हे मागाहून कळले. तेल म्हणून आणलेली बाटली सिरक्याची निघाली. कपडे धुण्याचा साबण म्हणून जे आणले त्याने फरशी छान निघाली, कपडे नाही. खोलीच्या दारावर कुणीतरी चिकटवून गेलेला कागद मी दोन दिवस मोठ्या आदराने न्याहाळत होतो. तिसऱ्या दिवशी अंगाला साबण लावलेला असताना नळ बंद झाला, तेव्हा त्याचा अर्थ लागला.

भाजीबाजारातली गंमत वेगळीच. तिथे सहापासून दहापर्यंतचे आकडे एकाच हाताने दाखवतात. अंगठा आणि करंगळी ताठ केली की सहा; अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी रोखली की आठ. मी मुळ्याची जुडी उचलून भाव विचारला, तर भाजीवाल्या बाईंनी माझ्या छातीवर पिस्तूल रोखले! मी जुडी खाली ठेवून दोन पावले मागे सरलो. बाजार खदखदून हसला. बरे, बोलून भागवावे म्हटले, तर मी येताना ध्वनिफितींवरून पाठ केलेले दोनशे शब्द पेकिंगच्या शुद्ध बोलीतले, आणि इथली बोली सेच्वानी. शुद्ध भाषेत ‘बरं’ याला ‘हाओ’ म्हणतात. इथे म्हणतात ‘याओ दे’. पुण्याचे मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला ऐन बाजाराच्या दिवशी लासूर स्टेशनावर सोडून द्यावे, तशी माझी अवस्था झाली.

वर्गात मात्र मी पुन्हा माणसात येत असे. खोल्या गार होत्या. चीनमध्ये खोल्या गरम ठेवण्याची सार्वजनिक सोय उत्तरेत आहे, दक्षिणेत नाही, आणि चुंगचिंग पडले दक्षिणेत. त्यामुळे पोरे अंगात कोट घालून, समोर गरम पाण्याचे थर्मास मांडून बसलेली. बहुतेक चिनी, थोडी आफ्रिकेतली आणि आशियातल्या इतर देशांतली. मी फळ्यावर पहिले समीकरण लिहिले, आणि पन्नास माना एकदम वहीत गेल्या. बरोबरचे चिन्ह तेच, मुळाचे चिन्ह तेच, क्ष आणि य तेच. त्या पन्नास मिनिटांत मी पुन्हा लाओशी होतो. घंटा झाली आणि बाहेरच्या सूचनाफलकासमोर आलो की पुन्हा अंगठेबहाद्दर.

पोरांनीच मला चिनी नाव दिले. बँकेत खाते उघडायला, पगार घ्यायला ते सोयीचे पडते म्हणाले. माझ्या नावाचा अर्थ विचारून घेऊन दोन दिवस त्यांच्यात खल झाला आणि तीन अक्षरी नाव निघाले. ते गिरवायला मी रोज रात्री बसू लागलो. पहिले अक्षर बरे जमे. तिसऱ्याच्या रेघा इतक्या की, ते लिहून झाल्यावर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातल्यासारखे दिसे. अशाच एका रात्री एकाएकी हात थांबला. हे चित्र मी पूर्वी पाहिले होते. साक्षरता अभियानाच्या दिवसांत, कंदिलासमोर पाटी घेऊन, जिभेचे टोक दातांत धरून माझी आई आपली सही गिरवीत बसे. सही तिला आली. अभियान संपले, वर्ग उठला, आणि वाचायचे राहिले ते राहिलेच. सही करता येते, वाचता येत नाही अशा लोकांत आता मीही जाऊन बसलो होतो.

नावाचे हे प्रकरण याच शहरात यापूर्वी एकदा एका मराठी माणसाच्या बाबतीत घडले आहे. १९३८ साली जपानने चीनवर आग पाखडली असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोलकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्या वेळी चुंगचिंग ही चीनची युद्धकाळातली राजधानी होती. यांगत्से नदीतून बोटीने वर येऊन हे पथक इथे काही आठवडे थांबले. शांतिनिकेतनात चीन-भवन उभारणारे प्राध्यापक तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले. कोटणिसांचे झाले ‘को दी-हुआ’. वडील वारल्याची बातमी त्यांना याच मुक्कामात कळली. सोलापूरला परतावे की पुढे जावे, असा प्रश्न अठ्ठावीस वर्षांच्या त्या मुलापुढे इथल्याच धुक्यात उभा राहिला असेल. ते पुढे गेले. चिनी भाषा इतकी शिकले की तिच्यातून वैद्यकीचे वर्ग घेऊ लागले, शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहायला बसले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच वारले. पुढे १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि कोटणीस आपल्याकडे घरोघर पोचले. पण त्यांची शौर्यकथा बाजूला ठेवून, माझ्यासारख्या मास्तराला राहून राहून नवल वाटते ते एका गोष्टीचे. बाँबखाली रोगी कापत असताना या माणसाने ही काटेरी अक्षरे गिरवायला वेळ काढला कधी?

त्या बाँबच्या खुणा शहराने पोटात ठेवल्या आहेत. हल्ल्यांपासून बचावासाठी डोंगरांत शेकडो बोगदे खोदलेले होते. त्यांतल्याच एकात ५ जून १९४१ च्या रात्री शेकडो माणसे गुदमरून मेली. आज त्यातल्या काही बोगद्यांत खाणावळी चालतात! मला सहकारी अशाच एका बोगद्यात जेवायला घेऊन गेले. टेबलाच्या मध्यभागी शेगडीवर लाल तवंगाची कढई रटरटत असते आणि जो तो आपल्याला हवे ते तिच्यात बुडवून, शिजवून खातो. मी शाकाहारी; माझ्यासाठी साध्या पाण्याची वेगळी कढई आली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. "तुम्हाला तिखट सोसत नसेल," असे एक बाई दयेने म्हणाल्या. मराठवाड्याचा हा अपमान सहन न होऊन मी त्यांच्या मसाल्यातला चमचाभर ऐवज भातावर घेतला. मिरचीचे काही वाटले नाही. पण त्यात जो दुसरा एक दाणा होता, आपल्या कोकणातल्या तिरफळाचाच तो भाऊबंद, त्याने माझी जीभ, ओठ आणि पुढचे चार दात अर्धा तास नाहीसे केले. बोलायला गेलो तर बोबडे आले. टेबलावर सर्वांना फार आनंद झाला.

तर पहिल्या रविवारी मी संगम पाहायला निघालो. याला कारण होते. आमच्या तालुक्यात कायगाव टोक्याला गोदावरीला प्रवरा मिळते. लहानपणी अमावास्येला, पर्वणीला आईबरोबर तिथे जाणे व्हायचे. चुंगचिंगमध्ये यांगत्सेला च्यालिंग नदी मिळते, आणि त्या टोकाचे नाव चाओथ्येनमन. भुयारी गाडीने श्याओशिझ नावाच्या स्टेशनावर उतरलो. तिथून पुढे फोनमधला नकाशा पाहून चालू लागलो. थोड्या वेळाने नकाशाने कळवले की, आपण इच्छित स्थळी पोचलात. पाहतो तो मी एका कठड्यापाशी उभा, आणि इच्छित स्थळ माझ्या बुटांच्या खाली सरळ दोन-तीन ताडमाड अंतरावर! नकाशा सपाट असतो आणि चुंगचिंग नसते. पायऱ्या उतरायला सुरुवात केली. पायऱ्या, त्यांखाली पायऱ्या. वाटेत खांद्यावर बांबूची काठी आणि तिच्या दोन्ही टोकांना ओझी लटकावलेले हमाल वर चढत होते. त्यांना तिथे ‘बांगबांग’ म्हणतात, म्हणजे काठीवाले. रस्ते आणि मोटारी वाढल्या तसे ते कमी होत चालले आहेत, आणि जे उरलेत ते बहुतेक पन्नाशी-साठीचे.

संगमावर उभा राहिलो. उन्हाळ्यात म्हणे दोन नद्यांच्या दोन रंगांमधली रेघ स्पष्ट दिसते. मी पाहिले तेव्हा धुक्याने दोघींना एकच राखी लुगडे नेसवले होते. मागे आठ प्रचंड मनोऱ्यांचे बांधकाम चालले होते. पुढल्या वर्षी, २०१९ मध्ये, ते खुले झाले. पाणी पाहून मला ओळखीचे काहीतरी वाटत होते, पण काय ते ध्यानात येईना. मग आठवले. ते वाहत नव्हते; थबकलेले होते. खाली सहाशे किलोमीटरांवर तीन घळींचे धरण आहे, आणि भरल्यावर त्याचा फुगवटा थेट इथपर्यंत येतो. आमच्या कायगावातही तेच. पैठणला जायकवाडीची भिंत उभी राहिली आणि नाथसागराचे पाणी मागे सरकत आमच्या संगमापर्यंत आले. या धरणाने दहा-बारा लाखांवर माणसे उठवली, आमच्या धरणाने त्या मानाने थोडी. उठणाऱ्याला आकड्याचा काय दिलासा! आमच्या नात्यातले एक घर त्या पाण्याखाली आहे. यांगत्सेकाठी उभा राहून मी त्या घराच्या ओसरीचा विचार करीत होतो, हे कुणाला सांगितले असते तर खरे वाटले नसते.

परतताना शहाणपणा सुचला. भुयारी गाडी नको, बसने जाऊ, शहर तरी दिसेल. बसचे आकडे आपल्याच इंग्रजी अंकांत असतात. घराजवळून जाणाऱ्या बसचा आकडा मी लक्षात ठेवला होता. तो आकडा आला, मी चढलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. बोगदे आले, पूल आला, मग घरे विरळ होऊ लागली. आकडा बरोबर होता. दिशा उलटी होती, आणि ती पाटीवर फक्त चिनीत लिहिलेली होती. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने मला हात करून उतरवले. अंधार पडलेला, भुरभुर सुरू झालेली, फोन मेलेला. परतीच्या बसचा थांबा समोर असायला हवा, तर समोर होती दरड. तो थांबा वरच्या रस्त्यावर की खालच्या? समोर मोठी थोरली पाटी होती, दिव्याने उजळलेली. तिच्यावर सगळे काही लिहिलेले असणार. मी तिच्याखाली भिजत उभा होतो.

एका तरुणाला थांबवायचा प्रयत्न केला. त्याने चालता चालता पाटीकडे बोट दाखवले आणि निघून गेला. त्याचे काही चुकले नाही. पाटी होतीच की! पण त्या बोटाने माझ्या पोटात जे कालवले, ते थेट १९८९ सालापासूनचे होते.

त्या वर्षी मी बारावीला होतो. गंगापूरच्या एस. टी. स्टँडावर मित्रांच्या घोळक्यात उभा होतो. आई हातात गाठोडे घेऊन आली. तिला लासूरला, मामाकडे, जायचे होते. घोळक्यापाशी येऊन तिने विचारले, "ही लासूरची का रे?" मित्रांपुढे मला शरम वाटली. तिच्या लुगड्याची, गाठोड्याची, आणि मुख्य म्हणजे त्या प्रश्नाची. तिच्याकडे न पाहता मी म्हणालो, "एवढी मोठी पाटी लावलीय ना तिथं." ती काही बोलली नाही, पुढे गेली आणि एका गाडीत चढली. रात्री उशिरा घरी आली. "गाडी उशिरा सुटली," म्हणाली. लासूरला ती त्या दिवशी पोचलीच नव्हती, हे मला मामाच्या तोंडून पुढे कित्येक वर्षांनी कळले.

चुंगचिंगच्या त्या थांब्यावर एका म्हातारीने मला पाहिले. तिच्या पाठीला बांबूच्या पाटीत नातू होता. मी खिशातली महाविद्यालयाची चिठ्ठी पुढे केली. तिने ती उलटसुलट करून परत दिली. तिलाही वाचता येत नसावे, किंवा चष्मा नसावा. मग तिने ती दुसऱ्या एका बाईला वाचायला लावली, माझी बाही धरली, ऐंशीएक पायऱ्या चढवून वरच्या रस्त्यावर नेले, आणि बस येईपर्यंत तिथेच उभी राहिली. बस आल्यावर ड्रायव्हरला दरडावून काहीतरी सांगितले. मला कुठे उतरवायचे ते असावे. कारण बरोबर ठिकाणी त्याने मागे वळून मला हाक मारली.

घरी फोन केला. आपले नेहमीचे व्हॉट्सॲप चीनमध्ये चालत नाही; म्हणून निघण्यापूर्वी पुतण्याने आईच्या फोनमध्ये चिन्यांचे वुईचॅट घालून दिले होते. (२०२० च्या जूनमध्ये आपल्या सरकारने ते बंद केले, त्या वेळी चालत असे.) आईने पहिल्या झटक्यात फोन घेतला. तुला कसे कळले कुठे दाबायचे, असे विचारले तर म्हणाली, "हिरवं हाये, त्यात दोन बुडबुडे हायेत. त्यात काय वाचायचं?"

मी बसची हकिकत सांगितली. ती खूप हसली. मग म्हणाली, "मी नाही का एकदा लासूरची म्हणून वैजापूरच्या गाडीत बसले होते!"

मी काही बोललो नाही. तिनेही, त्या दिवशी स्टँडावर कोण कोण होते, हा विषय काढला नाही. एवढेच म्हणाली, "त्या दिसापासून म्या ठरवलं. पाटीला नाही विचारायचं, माणसाला विचारायचं. आन् घाईतल्या माणसाला तर विचारायचंच नाही. ज्याच्या कडेवर लेकरू हाय नाहीतर डोईवर ओझं हाय, त्याला विचारायचं. ते उभं राहतं. दोघाला विचारायचं, दोघं एकच बोलले तर चढायचं." आणखी सांगितले की, लासूरच्या गाडीला दुधाचे कॅन असतात, औरंगाबादच्या गाडीला पिशव्या घेतलेली पोरे असतात, गाडी ओळखायची ती तिच्यात चढणाऱ्यांवरून. वाट लक्षात ठेवायची ती दुकानाच्या नावावरून नव्हे, दुकानाबाहेर काय टांगले आहे त्यावरून.

अध्यापनशास्त्राच्या पदवीला मला यातले काही शिकवले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी आईच्या शाळेत दाखल झालो. मिठाची पुडी निळी, तिच्यावर लाटेचे चित्र. घराकडची बस ती, जिच्यात शाळेचे गणवेश चढतात. उतरायचे कुठे, तर जिथे बदके उलटी टांगलेली आहेत त्या दुकानाच्या पुढे. हळूहळू अक्षरांनाही तोंडे फुटू लागली. वर तीन दात केलेली फणी म्हणजे ‘शान’, डोंगर. एका डोंगरावर दुसरा डोंगर ठेवला की ‘छू’, बाहेर पडणे. आणि शेजारी चौकोन, म्हणजे ‘खौ’, तोंड. ही जोडी प्रत्येक स्टेशनाच्या बाहेर पडण्याच्या दारावर असते. पंडित याची व्युत्पत्ती वेगळी देतात म्हणे. पण या गावात बाहेर पडायचे तर दोन डोंगर चढावे लागतात, हे मी पोटऱ्यांनी शिकलो होतो. मला ते अक्षर पुन्हा विसरले नाही.

२ मार्चला त्यांचा कंदिलांचा सण आला. वर्षातली त्यांची पहिली पौर्णिमा. आपल्याकडे त्या दिवशी धुळवड होती. गल्लीभर लाल कंदील टांगलेले पाहून दिवाळी चुकून फाल्गुनात आली की काय असे वाटले. शेजारच्या बाईंनी तिळाचे सारण भरलेले, पाण्यात उकडलेले तांदळाचे गोळे वाटीतून आणून दिले. मी येसराची पुडी दिली. त्यांनी तिचे काय केले ते विचारण्याचा धीर झाला नाही.

त्यानंतर आठवडाभराने एके संध्याकाळी, आमच्या इमारतीच्या दारात, म्हणजे चौदाव्या मजल्यावर, एक म्हातारा काठीवाला धापा टाकत बसलेला दिसला. समोर एक भली मोठी ट्रंक होती. विमानातून मागाहून आलेली असावी. तिला अडकवलेल्या कागदावर मालकाचे नाव होते. पण ते फक्त इंग्रजीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते दाखवीत होता आणि जो तो मान हलवून पुढे जात होता. मला पाहून तो उठला. त्याने घाईतला कोण आणि बिनघाईचा कोण हे ओळखले असले पाहिजे. मी कागद वाचला. नाव माझ्याच वर्गातल्या एका आफ्रिकन पोराचे होते. "याओ दे," म्हणालो, आणि त्याला घेऊन सहाव्या मजल्यावर, म्हणजे खाली, गेलो. ट्रंक पोचली. म्हाताऱ्याने खिशातून पाकीट काढून मला एक सिगारेट देऊ केली, आणि मी नको म्हटल्यावर ती परत नीट जपून ठेवली.

रात्री आईला हे सांगितले. मी वसतिगृहात असताना तिला पाठवलेली माझी पत्रे ती तहसील कचेरीसमोरच्या अर्जनविसाकडून रुपया देऊन वाचून घेत असे. तिने पहिल्याप्रथम विचारले, "वाचून दिल्याचे पैसे घेतलेस का त्याच्याकडून?"

"नाही. सिगारेट देत होता."

"घेतलीस?"

"नाही गं, माय."

"मग ठीक," असे म्हणून तिने, हिरव्या बुडबुड्यांखालचा तो लाल ठिपका दाबून, फोन बंद केला.